गोठ्यात दरवर्षी गाय गाभडते? आधी मागच्या साली गाभडलेली गाय तपासा

गाय ठणठणीत असते. कुटार, ढेप, पाणी सगळं नेहमीसारखं चालू असतं, अंगात ताप नसतो. सातवा-आठवा महिना लागलेला असतो. सकाळी गोठ्यात जावं तर मागे वासरू पडलेलं दिसतं, मेलेलं किंवा तासाभरात जाणारं. वार (वासराभोवतीचं आवरण, जार) पडत नाही. डॉक्टर येतात, गर्भाशयात गोळ्या ठेवतात, इंजेक्शनं देतात, आठ-पंधरा दिवसांत गाय सावरते. पुढच्या साली तीच गाय नीट विते आणि आपण सुटलो असं वाटतं. तेवढ्यात दावणीवरची दुसरीच कोणी गाभडते.

माझ्याकडे हे तीन वर्षं चाललं. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात माझ्या 11 गाई, 4 म्हशी आणि 18 बकऱ्या आहेत. तीन वर्षांत तीन कालवडी-गाई, एक म्हैस आणि तीन बकऱ्या गाभडल्या. ज्यांच्या गोठ्यात हेच चालू आहे त्यांनी माझ्यासारखी तीन वर्षं घालवू नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी मी कशाकशाला दोष दिला ते सांगतो, कारण तुम्हीही त्याच वाटेने जाल. पहिल्या साली चांदी नावाची गाय पौषात गाभडली. ती दोनच महिन्यांपूर्वी बाजारातून पाच महिन्यांची गाभण आणलेली होती, म्हणून वाटलं, टेम्पोच्या धक्क्यांनी झालं असेल. दुसऱ्या साली चैत्रात गौरी आणि सोनी या दोन कालवडी आठवड्याच्या अंतराने गाभडल्या, तेव्हा उन्हाला दोष दिला. नागपूरच्या उन्हाला कोणताही दोष सहज चिकटतो. तिसऱ्या साली आषाढात पहिलारू (पहिल्याच वेताची) म्हैस गाभडली आणि त्याच पंधरवड्यात तीन बकऱ्या गाभडल्या. तेव्हा सरकी ढेपेला बुरशी लागली होती, ती सगळी उकिरड्यावर फेकली. यातलं एकही कारण खोटं नाही. धक्का, उष्माघात, बुरशीची ढेप, या सगळ्यांनी जनावर गाभडू शकतं. पण एकच कारण पौषातल्या थंडीत, चैत्रातल्या उन्हात आणि आषाढातल्या पावसात सारखं लागू पडत नाही. हे माझ्या डोक्यात यायला चौथी गाभडणूक लागली.

मुलाच्या वहीतलं एक पान घेऊन त्यावर पाच रकाने आखले: जनावराचं नाव, कितवं वेत, गाभण राहून किती महिने झाले होते, तारीख आणि दावणीवरची जागा. तुमच्याकडे दोनपेक्षा जास्त वेळा असं झालं असेल तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी हे पान लिहा. माझ्या पानावर दोन गोष्टी उठून दिसल्या. पहिली ही की बाहेरून आलेली चांदी सोडली तर मोठ्यांपैकी गाभडलेली सगळी पहिलारू होती. दुसरी शेवटच्या रकान्यात दिसली. गौरी आणि सोनी चांदीच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या होत्या, आणि त्या गाभडण्याच्या दोन-अडीच महिने आधी, पौषात, चांदी त्याच जागी नीट व्याली होती. म्हैस गौरीच्या शेजारी होती. आणि त्याआधी, तिसऱ्या सालच्या वैशाखात, गौरी व्याली होती, अगदी सुखरूप.

चांदी दुसऱ्या साली व्याली तेव्हा आमचा म्हातारा गायकी (गुराखी) म्हणाला होता, "भाऊ, मागच्या साली टाकलं होतं तिनं, औंदा पाहा कशी मस्त व्याली. नजर होती, गेली." मलाही तसंच वाटलं होतं. घरात पेढे वाटले होते.

हे पान घेऊन मी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाभडलेलं वासरू आणि वार कुठे टाकली?" मी म्हणालो, उकिरड्यावर. दुसरा प्रश्न विचारला, "घरात कोणाला येऊन-जाऊन ताप आहे का?" त्या प्रश्नाने मी जागच्या जागी थांबलो, कारण माझ्या धाकट्या भावाला दीड महिन्यापासून संध्याकाळी ताप येत होता.

रोगाचं नाव ब्रुसेल्लोसिस, मराठीत सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींमध्ये मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, बकऱ्या-मेंढ्यांमध्ये ब्रुसेला मेलिटेन्सिस. हे जंतू एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात, म्हणून गाई आणि बकऱ्या एकत्र असलेल्या गोठ्यात धोका वाढतो. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये गाईंमधला हा जंतू शोधला. त्याआधी 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापाने गेलेल्या सैनिकांच्या शरीरात त्याचा भाऊबंद पाहिला होता, आणि 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी तो बकऱ्यांच्या दुधातून येतो हे दाखवलं. इतका जुना, इतका ओळखीचा रोग असूनही आपण नजर लागली म्हणतो, याचं मला आता फार वाईट वाटतं.

माझी फसगत नेमकी कुठे झाली ते डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पानावरचा सगळा हिशेब जुळला. गाभण जनावराच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो आणि या जंतूला तो फार मानवतो. म्हणून गाभण काळाच्या उत्तरार्धात जंतू वारेत प्रचंड वाढतात आणि वासरू पडतं. पण बहुतेक गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेळी शरीर थोडं सावरलेलं असतं, वासरू जिवंत येतं. जंतू मात्र गेलेले नसतात. ते पेशींच्या आत, कासेत आणि गाठींमध्ये लपून राहतात आणि प्रत्येक विण्याच्या वेळी वार, पाणी, स्राव यांतून बाहेर पडतात, दुधातूनही जातात. चांदी नीट व्याली तीच माझ्या गोठ्यातली सर्वांत धोक्याची घटना होती. तिची वार तिथेच पडली, शेजारच्या कालवडींनी ओलं गवत हुंगलं, चाटलं, आणि अडीच महिन्यांनी त्यांची पाळी आली.

सगळ्या गाभडण्या ब्रुसेलाच्या नसतात, आणि तपासणीआधी तसं ठरवून टाकणंही चूक आहे. पावसाळ्यात गोठ्यात पाणी साचलेलं, उंदीर फार, लघवी लालसर, ताप, दूध एकदम पिवळसर, असं असेल तर लेप्टोस्पायरा हा जंतू डोक्यात घ्या. मुरघास खराब झालेला असून एखादी बकरी मान एका बाजूला वळवून गोल फिरत असेल तर लिस्टेरिया. गाय तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच रिकामी होत असेल किंवा भरवूनही सारखी परत माजावर येत असेल आणि गावचा वळू सगळीकडे फिरत असेल तर कॅम्पिलोबॅक्टर किंवा ट्रायकोमोनास. खूप ताप, गोचिडं आणि पांढरट डोळे असतील तर गोचीडताप. बकऱ्या-मेंढ्यांत शेवटच्या महिन्यात एकामागून एक पिल्लं पडत असतील तर क्लॅमिडिया आणि क्यू ताप हेही धरावे लागतात. ब्रुसेलाची खूण ही, की जनावर आजारी दिसत नाही, पाचव्या महिन्यानंतर वासरू पडतं, वार अडकते, पहिलारू जास्त गाभडतात आणि दर साली नवीन जनावर. एखाद्या गाईच्या पुढच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ किंवा वळूचं वृषण सुजलेलं दिसलं तर शंका आणखी पक्की.

तपासणीत माझ्याकडून दोन चुका झाल्या, त्या तुम्ही टाळा. म्हैस गाभडली त्याच दिवशी मी तिचं रक्त पाठवलं आणि ते निगेटिव्ह आलं. गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त कधी कधी असं फसवतं, तीनेक आठवड्यांनी परत घ्यावं लागतं. परत घेतलं तेव्हा पॉझिटिव्ह. दुसरी चूक, मी फक्त गाभडलेल्या जनावरांचंच रक्त द्यायला निघालो होतो. गोठ्यातल्या प्रत्येक वयात आलेल्या जनावराचं द्यायचं, बकऱ्यांसकट. रोझ बेंगॉल तपासणी साधी आहे: काचेवर रक्तजलाचा एक थेंब, गुलाबी द्रावणाचा एक थेंब, चार मिनिटं हलवायचं, दाणे धरले तर पॉझिटिव्ह. पक्कं करायला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी करतात. गाई-म्हशींच्या एकत्र दुधावर मिल्क रिंग टेस्टही होते. रंगीत द्रावण टाकून ऊबेत तासभर ठेवलं की, रोग असेल तर, वरच्या सायीचं कडं जांभळं होतं. गोठा अजून बिनघोर आहे का हे पाहायला ती स्वस्त पडते. नुकत्याच व्यालेल्या गाईचं किंवा दगडी झालेल्या कासेचं दूध त्यात मिसळू नका, खोटं पॉझिटिव्ह येतं. बकरीच्या दुधावर ती भरवशाची नाही.

माझ्याकडे 4 गाई, 1 म्हैस आणि 3 बकऱ्या पॉझिटिव्ह निघाल्या. चौथी गाय कधीच गाभडली नव्हती. तिच्यावर कोणाचाही संशय गेला नसता.

जनावरांमध्ये यावर भरवशाचा इलाज नाही. प्रतिजैविकांची इंजेक्शनं देऊन जंतू निघत नाहीत, खर्च मात्र होतो आणि औषध दुधात उतरतं. कोणी "कोर्स करून देतो" म्हणालं तर पैसे वाचवा. परदेशात पॉझिटिव्ह जनावर कत्तलीला काढून कळप स्वच्छ करतात. आपल्या राज्यात 2015 च्या कायद्यानंतर गाय, बैल, वळू यांपैकी काहीच कत्तलीला नेता येत नाही. मग लोक काय करतात? गाभण गाय बाजारात नेतात. चांदी माझ्याकडे तशीच आली असणार. कोणीतरी तिच्यापासून सुटका करून घेतली आणि मी तिला हळद-कुंकू लावून घरात घेतलं. मला राग आला, आणि खरं सांगतो, तीच गाय पुढच्या बाजारात उभी करायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. बायको म्हणाली, "ज्याच्या दारात जाईल त्याच्या घरी पोरं नाहीत का?" चांदी घरीच राहिली. 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यात हा रोग कळवण्याच्या यादीत आहे. जवळच्या सरकारी दवाखान्याला कळवा, लपवू नका.

इलाज नाही, पण साखळी तोडता येते, आणि ती विण्याच्या जागेवरच तुटते. बाकी सगळं त्यानंतर. मी गोठ्यापासून वीस पावलांवर एक खोपट बांधलं. खाली फरशी आणि पाणी गोठ्याकडे न येईल असा उतार. गाभण पॉझिटिव्ह जनावर आठव्या महिन्यात तिथे जातं आणि व्याल्यावर स्राव पूर्ण थांबेपर्यंत, महिनाभर तरी, तिथेच राहतं. वार पडली की कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा, पायात गमबूट. वार, वासराखालचं गवत आणि मेलेलं वासरू असेल तर ते, सगळं चार-पाच फूट खड्ड्यात. वर चुना, मग माती, मग काटे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खड्डा विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब. फरशी आधी खरवडून धुवायची आणि मगच ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकायचं. शेणावर टाकलेलं ब्लीचिंग वाया जातं.

वारेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असतात. ती वडाला किंवा उंबराला टांगायची चाल काही गावांत आहे, गाय दूध जास्त देते म्हणून. ही चाल मनापासून जपणाऱ्या घरांचा मला आदर आहे, पण टांगलेली वार ठिबकते, कावळे नेतात, खाली पडली की कुत्री नेतात आणि शेजाऱ्याच्या गव्हाणीशी सोडतात. कृपा करून पुरा. आणि अडकलेली वार उघड्या हाताने ओढू नका, गावातल्या कोणत्याही जाणत्याला ओढू देऊ नका. हातावरच्या एका ओरखड्यातून हा रोग माणसात शिरतो.

थंड, ओलसर, सावलीच्या कोपऱ्यात जंतू आठवडे, कधी महिने टिकतात. कडक उन्हात काही तासांत मरतात. ज्या उन्हाला मी चैत्रात दोष दिला, तेच आता कामाला लावलं आहे. वैशाखात गोठा रिकामा करून वरचे पत्रे काढतो, जुनी माती एक वीत खणून टाकतो आणि जमीन आठवडाभर उन्हात तापू देतो.

दावणीचे दोन भाग केले. निगेटिव्ह जनावरं आधी पिळायची, पॉझिटिव्ह शेवटी, त्यांची बादली वेगळी, पाण्याचं टाकं वेगळं. गायकी आधी निगेटिव्ह जनावरांकडे जातो. पॉझिटिव्ह जनावरं आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या जागेवर, पाठवणं बंद केलं. हे सांगायला सोपं आहे, करायला रोजचं एक तास जास्त जातं. वळू बंद, फक्त कृत्रिम रेतन, तेही तपासलेल्या वळूच्या रेतमात्रेचं. नवीन जनावर आणलं तर महिनाभर वेगळं, येताना एक रक्ततपासणी आणि महिन्याने दुसरी. बाजारातली गाभण गाय तर मी आता घेतच नाही. रिकामी घेतो, तपासून घेतो.

मेंढ्यांबद्दल थोडं जपून लिहितो, कारण धनगर बांधवांवर आळ घेणं सोपं असतं. उलंगवाडीनंतर, म्हणजे कापूस वेचून संपल्यावर, पऱ्हाटीच्या शेतात मेंढ्या बसवणं हा आपल्याकडचा जुना आणि चांगला व्यवहार आहे, खत मिळतं. दुसऱ्या सालच्या फाल्गुनात माझ्या शेतात कळप होता आणि बांधाजवळ एक अर्धवट वाढलेलं कोकरू पडलेलं मी पाहिलं होतं. माझ्या बकऱ्या त्याच बांधाला चरत होत्या. बकऱ्यांमध्ये रोग चांदीकडून आला की तिथून, हे रक्ताच्या तपासणीवरून सांगता येत नाही, दोन्ही जंतूंविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं सारखीच दिसतात. आता मी मेंढपाळाला आधीच विनंती करतो की पिल्लू पडलं तर मला हाक मारा, खड्डा मी खणतो, चुना माझा. आणि मेंढ्या उठल्यावर महिनाभर माझी ढोरं त्या तुकड्यात जात नाहीत. गेल्या वर्षी मेंढपाळाने दोनदा हाक मारली.

लस आहे, पण ती कोणाला आणि कधी हे नीट समजून घ्या. एस-19 ही लस कालवडी आणि वगारींना (म्हशीच्या मादी पिल्लांना), वयाच्या 4 ते 8 महिन्यांत, आयुष्यात एकदाच. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते. गोऱ्ह्यांना नाही, गाभण जनावरांना नाही, आणि आधीच पॉझिटिव्ह असलेली गाय तिने बरी होत नाही. वय उलटल्यावर टोचली तर पुढे रक्ततपासणीत गोंधळ होतो, म्हणून कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर नोंद झाली की नाही ते समोर उभं राहून पाहा. लस जिवंत जंतूंची आहे. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच रोग होऊ शकतो, तेव्हा वगार धरायला लहान मुलांना उभं करू नका. बकऱ्या-मेंढ्या या कार्यक्रमात येत नाहीत, आपल्याकडे त्यांच्यासाठी तपासणी आणि वेगळं ठेवणं एवढाच मार्ग आहे. पॉझिटिव्ह आईच्या कालवडीवर जास्त लक्ष ठेवा. काही कालवडी जन्मापासून जंतू बाळगतात आणि पहिल्या वेतापर्यंत तपासणीत सापडत नाहीत.

आता भावाचं. संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सकाळी ठीक. कंबर आणि सांधे दुखायचे. टायफॉइडचा कोर्स झाला होता, मलेरियाची तपासणी झाली होती. कोणीच विचारलं नाही की घरी ढोरं आहेत का, आणि आम्हीही सांगितलं नाही. ब्रुसेलाची तपासणी केल्यावर दोन औषधं किमान सहा आठवडे चालली. दुसऱ्या आठवड्यात ताप गेला तेव्हा त्याला गोळ्या सोडायच्या होत्या. सोडल्या तर ताप परत येतो. आईने रोज समोर बसून दिल्या. जनावरं पाळणाऱ्या घरात दोन आठवड्यांवर ताप राहिला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: आमच्याकडे ढोरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली.

दूध चांगलं उकळी आणून घ्या, जंतू मरतात. धारोष्ण दूध बंद. कच्चा चीक चाखणं बंद. खरवस वाफेवर नीट शिजलेला असेल तर खा. डेंग्यूच्या दिवसांत लोक पेशी वाढाव्यात म्हणून बकरीचं कच्चं दूध मागायला दारात येतात, वाटेल ती किंमत द्यायला तयार असतात. मी देत नाही. समोरच्याच्या घरात माणूस दवाखान्यात असतो, नाही म्हणताना जीव तुटतो, पण तापाने आधीच खचलेल्या माणसाला दुसरा ताप कसा देऊ? घरातल्या गरोदर बाईला गाभडलेल्या जनावराजवळ मुळीच जाऊ देऊ नका.

गेल्या पोळ्यापासून माझ्या गोठ्यात एकही गाभडलेली नाही. मागच्या तपासणीत नवीन पॉझिटिव्ह एकही नव्हती. दर सहा महिन्यांनी सगळ्यांचं रक्त जातं, सलग तीनदा निगेटिव्ह येईपर्यंत मी निर्धास्त होणार नाही. चांदीला आठवा महिना लागला आहे, परवा तिला खोपटात नेली. खड्डा खणून तयार आहे, चुन्याची पोती कोरड्या जागी ठेवली आहेत, हातमोज्यांचे चार जोड दाराला टांगले आहेत. गायकीला सांगून ठेवलं आहे, रात्री कितीही वाजले तरी मला उठव, एकट्याने आत जाऊ नको.